मामांची ८००, लपवलेल्या वायरी आणि रंगाखाली गेलेली अर्थ

गाडी मामांची. १९९७ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, एमपी ०९ पासिंग, पांढरी, पहिल्या दिवसापासून एकाच हातातली. पहिली ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि शेवटची जानेवारी २०१४ ला निघाली, मधल्या तीस वर्षांत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात नाहीतर शेजारी ही गाडी येऊन गेलीच आहे, पण आता इतकी नीट राखलेली ८०० इंदूरच्या रस्त्यावर दिसली की लोक सिग्नलला काच खाली करून चौकशी करतात. मामा बँकेतून रिटायर झाले तरी गाडी विकली नाही. त्यांच्या मुलाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, मागच्या उन्हाळ्यात ठरवलं की बाहेरून गाडी एवढी चांगली आहे तर बोनेटखालीही तशीच दिसली पाहिजे. इंजिन उतरवून बे, म्हणजे बोनेटखालची इंजिनची जागा, रंगवला आणि त्याच वेळी वायर टकही करून घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वायर टक म्हणजे बोनेट उघडल्यावर इंजिन दिसावं, वायरींचं जंजाळ दिसू नये म्हणून केलेलं काम. फायरवॉलवरून (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) आणि दोन्ही बाजूंनी उघडा जाणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सोडवायचा, फेंडरच्या आतल्या पोकळीतून किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीखालून न्यायचा आणि ज्या पार्टला वायर लागते तिथेच ती बाहेर काढायची.

मी पीथमपूरला, इंदूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्समध्ये आहे, रोजचं काम कंट्रोल पॅनेलचं, त्यामुळे नीट बांधलेली वायरिंग बघितली की मला खरंच बरं वाटतं आणि मी या प्रकाराच्या विरोधात अजिबात नाही. उलट या गाडीला त्याची गरजच होती. २५ वर्षांत कोणी सेंट्रल लॉक लावलं, कोणी फॉग लॅम्प लावले, कोणी रिव्हर्सचा म्युझिकल हॉर्न लावला, आणि प्रत्येकाने जिथे वायर मिळाली तिथे ती सोलून त्यावर दुसरी गुंडाळून काळी टेप मारली. बोनेट उघडलं की ते सगळं लोंबत असायचं. टक झाल्यावर भावाने फोटो पाठवला तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं की यार, मस्तच काम झालंय.

मग श्रावणात देवासहून येताना मामांचा फोन आला.

रात्रीचे साडेनऊ, पाऊस, मांगलियाच्या थोडं अलीकडे गाडी बाजूला घेतलेली, मामी शेजारी बसलेली. मामा म्हणाले, "अरे, लाइट एकदम पिवळा पडलाय, समोरचा खड्डा दिसत नाही. आणि अजून एक गंमत बघ, लाइट लावला की टेम्परेचरचा काटा वर जातो, बंद केला की खाली येतो. गाडी गरम होतेय की नाही तेच मला कळत नाहीये." मी विचारलं, सेल्फ कसा मारतेय? "जड. दोन-तीन दिवस झाले, बॅटरी बसल्यासारखी फिरते. मी म्हटलं पावसाळा आहे, असेल."

मी त्यांना म्हटलं की मामा, गाडी गरम होत नाहीये, तुम्ही ब्लोअर बंद करा, इंजिन बंद करू नका आणि हळूहळू एखाद्या ट्रकच्या मागे मागे या. हे मी इतक्या खात्रीने सांगितलं कारण लाइटबरोबर हलणारा टेम्परेचरचा काटा ही अर्थची तक्रार आहे, पाण्याची नाही. अर्थ म्हणजे अर्थिंग, करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट. काट्याचा सेंडर (तापमान मोजणारा सेन्सर) इंजिनमध्ये बसलेला असतो आणि त्याची अर्थ इंजिनच्या धातूतून मिळते, लाइटची अर्थ बॉडीतून. इंजिन आणि बॉडी यांच्यामधला रस्ता खराब झाला की या दोघांच्या "शून्या"त फरक पडतो, आणि तो फरक काट्यावर दिसतो. दोनच किलोमीटर चालवून पूर्ण थंड असलेल्या इंजिनवरही हा काटा असाच वर जाईल.

रविवारी सकाळी लोकमान्य नगरला त्यांच्याकडे गेलो. पोहे होईपर्यंत मीटर लावून बसलो.

इथे जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेक ठिकाणी या स्टेपलाच चूक होते. इलेक्ट्रिशियन टेस्ट लॅम्प लावतो, लॅम्प पेटतो, तो म्हणतो भिया अर्थ तो बराबर है. टेस्ट लॅम्पला फार तर अर्धा-एक अँपिअर लागतो, तेवढा करंट तर केसाएवढ्या तारेतूनही जाईल. मीटरवर ओहम बघितले तरी तेच, तो शून्यच दाखवणार. अर्थ तपासायची तर लोड चालू असताना त्या वाटेत किती व्होल्ट पडतात ते बघायचं. मीटर डीसी व्होल्टवर, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर (क्लॅम्पवर नाही, मधल्या शिशाच्या पोलवर), लाल प्रोब इंजिनच्या ब्लॉकवर जिथे उघडा धातू मिळेल तिथे. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. चांगल्या गाडीत ०.२, फार तर ०.३ व्होल्ट. मामांच्या गाडीत २.९ आले. म्हणजे आधीच दमलेल्या बॅटरीतले जवळजवळ तीन व्होल्ट नुसते परतीच्या वाटेवर जात होते, सेल्फ जड फिरणार नाही तर काय होईल.

मग इंजिन चालू करून थोडी रेस ठेवली, लाइट, वायपर, ब्लोअर सगळं चालू केलं. प्रोब तिथेच. आता मीटरवर ०.६, पण समोर वजाचं चिन्ह. हे चिन्ह फार कामाचं आहे. सेल्फ मारताना करंट इंजिनकडून बॉडीमार्गे बॅटरीकडे परत येतो, म्हणून ब्लॉक प्लसमध्ये दिसतो. इंजिन चालू असताना करंट देणारा अल्टरनेटर असतो आणि तो इंजिनवरच बसलेला, म्हणून आता लाइटचा करंट बॉडीकडून इंजिनकडे जातो आणि चिन्ह उलटं होतं. दोन्ही वेळेला व्होल्ट पडतायत आणि दिशा बदलतेय म्हणजे दोष बरोब्बर इंजिन आणि बॉडीच्या मधल्या जोडात आहे, बॅटरी किंवा अल्टरनेटरला हात लावायची गरजच नाही. मामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, त्यांना मी हे समजावलं तर ते म्हणाले, "म्हणजे पैसे जमा होतायत, पण पासबुकात एन्ट्री पडत नाहीये." अगदी तसंच. बॅटरी सकाळी १२.२ व्होल्ट दाखवत होती, भरलेली असती तर १२.६ च्या पुढे असायला हवी होती, ती रोज अर्धवटच चार्ज होत होती.

हेडलाइटच्या बल्बच्या कनेक्टरवर मागून प्रोब घालून बघितलं, ११.६. त्याच वेळी अल्टरनेटरच्या टोकाला १४.१. म्हणजे अडीच व्होल्ट कमी, त्यातले ०.६ अर्थमध्ये आणि उरलेले १.९ वायर, जॉइंट आणि स्विचमध्ये. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे साडेतेराच्या जागी ११.६ मिळाले की उजेड थोडाथोडका नाही, चाळीस टक्क्यांच्या आसपास जातो. देवास रोडला पावसात मामांना खड्डा दिसला नाही यात नवल नव्हतं, आणि मामींना घेऊन ते तशा उजेडात आले याचा मला आजही त्रास होतो.

तीन-चार वेळा सेल्फ मारून झाल्यावर मी सहज क्लचच्या केबलला हात लावला तर ती कोमट. कोमट म्हणजे इंजिनच्या उष्णतेने नाही, इंजिन तोपर्यंत गार झालं होतं. वरचं काळं आवरण एका जागी नखाने दाबलं जात होतं. सेल्फचा करंट शंभर अँपिअरच्या घरात जातो आणि त्याला सरळ वाट मिळाली नाही की तो मिळेल त्या धातूतून जातो, इथे क्लच केबल आणि थोडा अॅक्सिलरेटर केबलमधून. एक दिवस ती केबल आतून धरली असती आणि पेडल तिथेच राहिलं असतं.

भावाच्या फोनमध्ये काम सुरू व्हायच्या आधीचे फोटो होते, नशीब. जुन्या फोटोत बॅटरीच्या निगेटिव्हवरून एक जाड काळी केबल सरळ गिअरबॉक्सच्या बोल्टवर गेलेली, आणि तिचीच एक छोटी फांदी बॉडीवर. आता बघितलं तर ती जाड केबल गायब. ती समोरून दिसत होती म्हणून काढली, त्याऐवजी बॅटरीच्या ट्रेजवळच बॉडीवर एक वीतभर केबल बसवली, आणि इंजिनला अर्थ मिळावी म्हणून मागच्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे, एक बारीक वायर फायरवॉलला. गिअरबॉक्सवर जो करंट थेट येत होता तो सगळा त्या बारीक वायरीच्या भरवशावर. तो बोल्ट उघडला, दहाचा पाना, आणि लगच्या (वायरीच्या टोकाची धातूची कडी) खाली बे सारखाच गुळगुळीत पांढरा रंग, प्रायमर आणि क्लिअर कोटसकट. लग रंगावर बसला होता. धातूला धातू लागत होता तो फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि त्या आट्यांतही रंग. रंग अप्रतिम झाला होता हे मला मान्य आहे, ज्यांनी केला त्यांचा हात चांगला आहे, पण रंग म्हणजे इन्सुलेशन हे रंगवणाऱ्याच्या डोक्यात असायचं कारण नाही आणि वायरिंग करणाऱ्याच्या डोक्यात असायलाच हवं.

मग मामांनीच सांगितलं की आता उघडलंच आहे तर सगळं बघ. फेंडरचं आतलं कव्हर काढलं. चिखल, वाळलेली पानं आणि त्यात हार्नेस. वाट लांब झाल्यामुळे वायरी कमी पडल्या होत्या, म्हणून प्रत्येकीला मीटर-सव्वा मीटरचा तुकडा जोडलेला, आणि तुकडा घराच्या फिटिंगच्या वायरचा. घरच्या साध्या पीव्हीसी वायरला ७० डिग्रीची हमी असते, बोनेटखाली इंजिनजवळ त्याच्या वर सहज जातं, गाडीसाठी १०५ डिग्रीची किंवा एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं आवरण) घेतली तर १२५ ची वायर मिळते. जाडीही कमी, मी मोजली तर ०.७५ स्क्वेअर एमएम. अशी वायर दर मीटरला सुमारे ०.०२३ ओहम खाते, दोन मीटर वायर आणि नऊ अँपिअर म्हणजे ०.४ व्होल्ट गेलेच. एका फेंडरमध्ये सात आणि दुसऱ्यात चार, असे अकरा जॉइंट, सगळे पीळ देऊन टेप मारलेले. एक टेप सोडवली तर तिचा गोंद वितळून बोटांना काळा चिकटला, आत तांबं हिरवं-निळं पडलेलं, आणि नुसतं वाकवल्यावर तारा खडूसारख्या तुटल्या. हा हॉर्नचा जॉइंट होता. हेडलाइटचा त्याच्या शेजारचा, तोही त्याच वाटेवर.

काम पूर्ण व्हायला तीन रविवार लागले.

पहिला रविवार फक्त सोडवण्यात आणि कागदावर काढण्यात गेला. पॅनेलमध्ये आम्ही प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबराचे फेरूल (छोट्या नळ्या) घालतो, इथेही तेच केलं, आणि एका ए-फोर कागदावर चित्र काढलं, वायर कुठून निघते, कुठून जाते, कुठे जॉइंट आहे, रंग कोणता. अॅक्सेसरीच्या ज्या वायरी आता कशालाच लागत नव्हत्या त्या मुळापासून काढल्या, आणि खरं सांगतो, बे मोकळा दिसायला निम्मं काम तिथेच झालं. लोक टक करताना मेलेल्या वायरीसुद्धा लपवतात.

दुसऱ्या रविवारी अर्थ. बॅटरी निगेटिव्ह ते गिअरबॉक्स २५ स्क्वेअर एमएमची केबल परत सरळ टाकली, दिसते तर दिसू दे. बॉडीला वेगळी १० ची. शिवाय ब्लॉक ते फायरवॉल तांब्याची विणलेली पट्टी, टिनचा मुलामा असलेली, जरा सैल, कारण इंजिन माउंटिंगवर डुलतं आणि ताणलेली पट्टी लगजवळ तुटते. प्रत्येक जागी जुन्या रुपयाच्या नाण्याएवढा रंग पॉलिश पेपरने धातूपर्यंत घासला, दातेरी वॉशर, बोल्ट आवळला, आणि आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली आणि मग आवळणं असं करू नका, आधी धातूला धातू बसला पाहिजे. भावाला नव्या रंगावर पॉलिश पेपर घासताना बघवत नव्हतं, तो आत निघून गेला.

जॉइंटबद्दल माझं मत स्पष्ट आहे, गाडीत क्रिम्प, म्हणजे धातूची नळी वायरीवर दाबून केलेला जोड. सोल्डर वाईट नाही, पण ते तारांमध्ये वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनाने वायर त्या कडक भागाच्या शेवटी तुटते. क्रिम्पिंगचं रॅचेटवालं टूल, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी), गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाचा थेंब बाहेर आला की पाणी आत जात नाही. फेंडरच्या पोकळीत एकही जॉइंट ठेवला नाही. लाइटच्या वायरी तिथून अखंड, २.५ स्क्वेअर एमएमच्या, जोड फक्त कोरड्या जागी.

हेडलाइटला दोन रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) दिले, लो आणि हायला वेगळे, बॅटरीजवळ प्रत्येकी १५ अँपिअरचा फ्यूज. रिलेवर ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८५-८६ कॉइल. ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे नऊ अँपिअर, ते आता जुन्या स्विचमधून जात नाहीत, स्विच फक्त कॉइलपुरता. तुम्ही करणार असाल तर एक गोष्ट आधी मीटरने बघा, स्विच प्लसच्या बाजूला आहे की मायनसच्या, बऱ्याच जपानी घराण्यातल्या गाड्यांत तो मायनसला असतो आणि न बघता रिले जोडला की दिवसभर डोकं फिरतं.

वाट फेंडरमधूनच ठेवली पण पत्र्याच्या वरच्या कोपऱ्यात, चाकाच्या उडणाऱ्या पाण्यापासून जितकी लांब जाईल तितकी, कोरुगेटेड पाइपमध्ये, दर वीतभर अंतरावर क्लिपने धरलेली. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी), आणि ग्रोमेटच्या आधी वायरीला खाली एक झोका, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाला गळून पडतं, आत जात नाही. पाइपची फट खालच्या बाजूला. फेंडरच्या तळाचं पाणी जायचं भोक चिखलाने बंद होतं, ते मोकळं केलं. बाहेर कापडी हार्नेस टेप, काळी पीव्हीसी टेप कुठेच नाही. आणि उंदरांसाठी पाइपची उघडी तोंडं टेपने बंद केली, आमच्याकडे पावसाळ्यात गाडी दोन दिवस उभी राहिली की ते बोनेटखाली येतातच आणि फेंडरमधला बंद हार्नेस त्यांनी कुरतडला तर कळणारही नाही.

अल्टरनेटरची वायर, सेल्फची केबल, मेन फ्यूज आणि अर्थचे बोल्ट मी लपवले नाहीत. सेल्फची केबल तर लांबवायचीही नसते. रस्त्यात रात्री कोणी अनोळखी मेकॅनिक टॉर्च मारेल तेव्हा त्याला या चार गोष्टी हाताला लागल्या पाहिजेत. तुमची गाडी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवाली) असेल तर आणखी एक, क्रँक सेन्सर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या वायरी कापून वाढवू नका आणि कॉइल-प्लगच्या वायरींना चिकटून नेऊ नका, सिग्नल बिघडतो. कार्बोरेटरच्या ८०० ला ती भानगडच नाही, म्हणून टक शिकायला ही गाडी चांगली.

तिसऱ्या रविवारी परत तेच माप. सेल्फ मारताना ब्लॉकवर ०.१८. सगळं चालू असताना ०.०५. बल्बवर १३.४. क्लच केबल गार, पण आवरण नरम पडलेलं म्हणून ती बदलून टाकली. दुपारी खंडवा रोडने सिमरोल, चोरलपर्यंत जाऊन आलो, घाटात फॅन दोनदा लागला आणि बंद झाला, परत येताना अंधार पडेपर्यंत मुद्दाम थांबलो.

दिवाळीत मामा पुन्हा देवासला गेले. येताना त्याच ठिकाणी, मांगलियाच्या अलीकडे, त्यांनी गाडी बाजूला घेऊन मला फोन लावला, स्पीकरवर, आणि लाइट तीन वेळा चालू-बंद केला. काटा मधल्या रेषेच्या जरा खाली होता, तिथेच राहिला. वायरिंगचा कागद त्यांनी लॅमिनेट करून आरसीच्या पाकिटात ठेवलाय. भावाला मात्र गिअरबॉक्सवर जाणारी ती काळी केबल अजून खटकते, फोटो काढताना तो त्यावर फडकं टाकतो.